पत्रकाराचा फोन आला तर: एकाहून अधिक नाती संमतीने जगणाऱ्यांसाठी मुलाखतीची तयारी

नवरा-बायकोने ठरवून नातं खुलं ठेवलंय, किंवा तिघं-चौघं एकमेकांच्या माहितीत आणि राजीखुशीने नात्यात आहेत, अशांपैकी तुम्ही असाल आणि ही गोष्ट चार लोकांना माहीत असेल, तर कधी ना कधी तुम्हाला मेसेज येणारच: "हाय, ओपन रिलेशनशिपवर स्टोरी करतोय, पाच मिनिटं बोलता येईल का?" उत्तर त्यांना बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी हवं असतं, आणि नव्या माणसाची गडबड होते ती इथेच.

मी पुण्यात राहते. वर्तमानपत्राच्या पुरवणीशी, वेबसाइटशी, टीव्हीशी या विषयावर बोलले आहे. काहींनी फार जबाबदारीने लिहिलं. काहींनंतर नातेवाइकांचे फोन झेलावे लागले. आमच्या पॉली (पॉलिअमरी, म्हणजे सगळ्यांच्या संमतीने एकाहून अधिक नाती) ग्रुपमध्ये नवीन आलेले लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. जमत असेल तर बोलावं. आपण गप्प बसलो की ती जागा क्राइमच्या बातम्या आणि डेटिंग ॲपची प्रसिद्धिपत्रकं भरून काढतात. पण बातमी कशी लिहायची हे पुष्कळदा तुम्हाला फोन येण्याआधीच ठरलेलं असतं. ते काय ठरलंय हे आधी काढून घ्यायचं आणि मगच हो म्हणायचं, एवढ्यासाठी ही सगळी तयारी.

हाताशी काय हवं

- नात्यातल्या प्रत्येकाची लेखी संमती (व्हॉट्सॲप मेसेज चालेल, पण त्यात तारीख आणि माध्यमाचं नाव हवं)
- तुमच्या अटींचा तयार मेसेज (नमुना पायरी ६ मध्ये आहे)
- खऱ्या नावाशी न जोडलेला ईमेल पत्ता
- आपल्या बाजूने रेकॉर्डिंग करायला दुसरा फोन
- कौटुंबिक खटल्यांची माहिती असलेल्या वकिलाचा नंबर, विशेषतः मुलं असतील किंवा घटस्फोटाचा दावा चालू असेल तर
- काय सांगायचं नाही याची स्वतःच्या हाताने लिहिलेली यादी

१. आधी बातम्यांचे साचे ओळखा

या पायरीला वेळ द्या. फोन उचलण्याआधी आठवडाभर मराठी, हिंदी, इंग्रजी बातम्या या नजरेने वाचा.

पहिला साचा गुन्ह्याचा. कुठल्याही मराठी दैनिकाचं जिल्ह्याचं पान काढा. 'अनैतिक संबंधातून खून', 'प्रेमात अडसर ठरणाऱ्या पतीचा प्रियकराच्या मदतीने काटा काढला'. या बातम्यांत लपवाछपवी असते, फसवणूक असते, मारहाण असते. सगळ्यांना माहीत असलेलं, सगळ्यांनी मान्य केलेलं नातं त्यात नसतंच. तरी एकाहून अधिक जोडीदार म्हटलं की डेस्कवरच्या (बातमी तपासून मथळा देणाऱ्या) माणसाला हीच भाषा सुचते, कारण रोज तीच लिहायची सवय असते. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ रद्द केलं, म्हणजे व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही. मथळ्यांची भाषा मात्र त्याने फारशी हललेली नाही. एखाद्या ताज्या खुनाच्या निमित्ताने तुम्हाला विचारणा झाली असेल, तर सरळ नाही म्हणा. त्या बातमीत तुमचं वाक्य कितीही चांगलं असलं तरी ते खुनाच्या शेजारी छापलं जाणार.

दुसरा साचा 'अजब लग्ना'चा. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मुंबईच्या जुळ्या बहिणींनी एकाच मंडपात एकाच तरुणाशी लग्न केलं. हार घालतानाचा व्हिडिओ देशभर फिरला. त्यांच्या कुटुंबातलं कोणी तक्रार घेऊन गेलं नव्हतं. एका तिऱ्हाईताच्या तक्रारीवरून दंड संहितेच्या कलम ४९४ (जोडीदार हयात असताना दुसरं लग्न) खाली अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली आणि राज्य महिला आयोगानेही पोलिसांकडे कारवाईची विचारणा केली. जुलै २०२५ मध्ये हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यात, शिलाई भागात, हाटी समाजातल्या दोन भावांनी एकाच मुलीशी उघड लग्न केलं, तेव्हाही तसाच गदारोळ झाला. तिकडे या चालीला 'जोडीदारा' म्हणतात. डोंगरातली थोडकी जमीन भावाभावांत तुकडे न होता राहावी, हे त्यामागचं जुनं कारण. ते कारण समजावणाऱ्या बातम्याही आल्या, पण फिरल्या त्या 'आधुनिक द्रौपदी' छापाच्या. या दोन्ही घटनांचा आणि शहरात स्वतःच्या पसंतीने पॉली असण्याचा संबंध फार थोडा आहे. तरी अशी बातमी फिरू लागली की बातमीदार आपल्याला शोधत येतात, "तुम्हीही तसेच ना?" असं विचारायला. तसेच नाही, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ते वाक्य तयार ठेवा.

याच साच्याला लागून बहुपत्नीत्वाचा वाद येतो. समान नागरी कायद्याची चर्चा तापली की तुमचा बाइट (कॅमेऱ्यावरचं छोटं वक्तव्य) कुठल्यातरी एका बाजूला जोडायला हवा असतो. तेव्हा उपयोगी पडेल अशी एक आकडेवारी लक्षात ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) नवऱ्याला आणखी बायको आहे असं सांगणाऱ्या विवाहित स्त्रिया देशात १.४ टक्के होत्या, हिंदूंमध्ये १.३, मुस्लिमांमध्ये १.९. हे सर्वेक्षण आपल्या मुंबईतली देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था करते. चर्चेच्या आरडाओरड्यात हा आकडा क्वचितच ऐकू येतो. आणि नवऱ्याने बायकोला न विचारता दुसरी करणं आणि सगळ्यांनी मिळून ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तिथे तुम्हालाच सांगावं लागतं.

तिसरा साचा 'नवा ट्रेंड'. जानेवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्क मॅगझिनने पॉलिअमरीवर मुखपृष्ठकथा केली, मुखपृष्ठावर मांजरं होती. त्या सुमाराला अमेरिकेत या विषयावर लेखांची रांग लागली आणि तिचे पडसाद आपल्याकडच्या लाइफस्टाइल पानांवरही उमटले. हा साचा दिसायला प्रेमळ आहे. त्यात शिव्या नसतात, पण माणसंही नसतात. वांद्रे, कोरेगाव पार्क, इंदिरानगर, कॉफी आणि वाइन. यात आकड्यांपासून जपा. अमेरिकेत पाचातला एक जण पॉली आहे, असं वाक्य हमखास येतं. मूळ अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तो अविवाहित अमेरिकनांपुरता होता आणि प्रश्न होता 'आयुष्यात कधी तरी' अशा नात्यात होतात का. त्याला वीस टक्क्यांहून थोडे जास्त लोक हो म्हणाले. आत्ता अशा नात्यात असणं निराळं. आपल्याकडे २०२० मध्ये '५५ टक्के विवाहित भारतीयांनी जोडीदाराची फसवणूक केली' असा मथळा गाजला, तो ग्लीडनच्या सर्वेक्षणावरून. ग्लीडन हे विवाहबाह्य संबंधांसाठीच काढलेलं फ्रेंच ॲप. सर्वेक्षण मोठ्या शहरांतल्या साधारण दीड हजार लोकांचं. बातमीदाराने असा आकडा तुमच्यापुढे ठेवला तर "हे सर्वेक्षण कोणी केलं?" एवढंच विचारा.

चांगली बातमी कशी असते, तेही पाहून ठेवा. जून २०२० मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिल शहराने दोनाहून अधिक व्यक्तींच्या सहजीवनाची नोंद करायला परवानगी दिली. त्यावरच्या चांगल्या बातम्या आजारपणात दवाखान्यात कोणाला भेटता येईल, आरोग्य विम्यात कोणाचं नाव घालता येईल, अशा प्रश्नांवर होत्या. तुमच्याशी बोलणारा या प्रकारचे प्रश्न विचारत असेल तर त्याला वेळ द्या.

२. विचारणारा कोण, ते काढून घ्या

पहिल्या फोनवर काहीच सांगू नका. चार प्रश्न विचारा: कुठल्या विभागासाठी, निमित्त काय, आणखी कोणाशी बोलताय, कधी येणार. मग त्यांच्या दोन जुन्या बातम्यांच्या लिंक मागा. चांगल्या बातमीदाराला याचा राग येत नाही. आला, तर उत्तर मिळालंच.

टीव्हीवर थेट चर्चेला जाऊ नका, हे मी नव्या प्रत्येकाला सांगते. चार खिडक्या असतात. एकीत समुपदेशक, एकीत संस्कृतीच्या नावाने बोलणारे कोणी, एकीत वकील आणि एकीत तुम्ही. तुमचं वाक्य पूर्ण होण्याआधी टिकरवर (पडद्याच्या तळाच्या पट्टीवर) तुमच्याबद्दल प्रश्नचिन्ह टाकून काहीतरी झळकत असतं. रेकॉर्ड केलेली मुलाखत, आणि शक्यतो स्त्री-प्रश्न किंवा समाजजीवन पाहणारा बातमीदार, हे त्यातल्या त्यात बरं.

३. घरातल्या सगळ्यांना विचारा, एकाचा नकार म्हणजे नकार

सगळे म्हणजे तुमचा जोडीदार आणि जोडीदाराचा जोडीदारही. तो किंवा ती तुम्हाला कधी भेटली नसेल तरी. कारण तुमच्या गोष्टीत त्यांची गोष्ट येतेच.

मुलांचं नाव, इयत्ता, शाळा, फोटो, काहीही देऊ नका. "एक मुलगा आहे" एवढंसुद्धा न सांगता मुलाखत चांगली होते.

आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना हे आधीच माहीत असेल तर छापून यायच्या अगोदर तुम्ही स्वतः फोन करून सांगा. माहीत नसेल आणि सांगायचंही नसेल, तर ओळख पूर्ण लपवूनच बोला. नाहीतर मावशी फॅमिली ग्रुपवर लिंक टाकेल आणि त्यांना तिथून कळेल. ते फार लागतं माणसाला.

४. कायद्याच्या कुंपणाबाहेर पाऊल पडू देऊ नका

संमतीने प्रौढ व्यक्तींमधलं नातं आज गुन्हा नाही. पण तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा.

लग्न झालेलं असताना दुसरं लग्न हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ लागू आहे: सात वर्षांपर्यंत कैद, आणि पहिलं लग्न लपवून केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. विधी झाले की नाही याला न्यायालयात महत्त्व असतं. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात हेच धरून निकाल दिला की आवश्यक विधींशिवाय झालेलं दुसरं लग्न तेव्हाच्या कलम ४९४ खाली धरता येत नाही. पण म्हणून धीट होऊ नका. घरगुती समारंभात हार घातलेला फोटो, "आम्ही मनाने लग्नच केलंय" असं वाक्य, हे बातमीत गेलं की खुलासे करत बसायची वेळ तुमच्यावर येते. मुलाखतीत 'लग्न', 'दुसरी बायको', 'दुसरा नवरा' हे शब्द वापरू नका. बातमीदाराने वापरले तर तिथेच थांबवून दुरुस्त करा.

दुसरं, जोडीदाराखेरीज कोणाशी शरीरसंबंध हे हिंदू विवाह कायद्यात आजही घटस्फोटाचं कारण आहे. आज सगळे राजी आहेत. उद्या भांडण झालं, मुलांच्या ताब्याचा दावा लागला, तर तुमच्या नावाची मुलाखत समोरच्या वकिलाच्या फायलीत असू शकते. दावा आधीच चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय निनावीसुद्धा बोलू नका.

तिसरं, सरकारी नोकरीत असाल तर सेवा नियम वाचा. खासगी कंपनीत असाल तर कंपनीचं नाव, क्षेत्र, हुद्दा यांतलं काही देऊ नका.

५. 'नाव बदलले आहे' एवढ्यावर विसंबू नका

ओळख एकट्या नावाने पटत नाही. 'कोथरूडमध्ये राहणारी, ३६ वर्षांची, कथक शिकवणारी, नवरा मर्चंट नेव्हीत' असं लिहिलं की नाव काय लिहिलंय याला अर्थ उरत नाही. तिच्या क्लासमधल्या पन्नास आयांना कोण ते कळतं. म्हणून शहर, वय, व्यवसाय आणि जोडीदाराचा व्यवसाय यांपैकी एकच नेमकं ठेवा, बाकी ढोबळ: 'तिशीतली', 'पश्चिम महाराष्ट्रातली', 'कलाक्षेत्रात'. खोटं सांगू नका, कारण बातमीदाराला खरं-खोटं तपासावं लागतं. त्याला खरं सांगा आणि छापायचं काय ते ठरवून घ्या.

व्हिडिओसाठी चेहरा अंधारात ठेवतात, पण आवाज तसाच राहतो. आत्या तुमचा आवाज दोन वाक्यांत ओळखते. आवाज बदलून दाखवा आणि तो आम्हाला आधी ऐकवा, अशी अट घाला. चित्रण घरात नको. मागचा फ्रिज, त्यावरची चुंबकं, भिंतीवरचं कॅलेंडर, खिडकीतून दिसणारी समोरची इमारत, हातातली अंगठी, मनगटावरचं गोंदण, सगळं बोलतं. मंगळसूत्राचा क्लोजअप तर कॅमेरामन हटकून घेतात. पदराखाली, दुपट्ट्याखाली घ्या किंवा त्या वेळेपुरतं काढून ठेवा.

६. अटी लेखी घ्या

फोनवर "हो हो, काळजी करू नका" म्हणतात आणि ते खरंच मनापासून म्हणतात. पण बातमी पुढे डेस्ककडे जाते आणि डेस्कवरच्या उपसंपादकाला तुमचं बोलणं माहीत नसतं. म्हणून असा मेसेज पाठवा आणि 'मान्य' असं उत्तर आल्यावरच बोला:

"नमस्कार. मी पुढील अटींवर बोलायला तयार आहे. १) माझं आणि माझ्या जोडीदारांचं नाव, सोसायटी, कंपनी छापू नये. २) माझी वाक्यं प्रसिद्धीपूर्वी मला पाठवावीत, तथ्य चुकलं असेल तर मी सांगेन, तुमच्या मतात ढवळाढवळ करणार नाही. ३) आमच्या बातमीला 'अनैतिक', 'लफडं', 'अजब' असे शब्द मथळ्यात नकोत. ४) अर्धनग्न किंवा पलंगावरची चित्रं नकोत. ५) हाच मजकूर तुमच्या दुसऱ्या आवृत्तीत किंवा व्हिडिओत वापरायचा असेल तर पुन्हा विचारावं. कृपया 'मान्य' असं कळवा."

पूर्ण बातमी आधी दाखवा, असं मागू नका. ती कोणी दाखवत नाही आणि दाखवूही नये. बातमी त्यांची असते. आपली वाक्यं आपली असतात, तेवढीच मागा.

'ऑफ द रेकॉर्ड' हे बोलण्याआधी ठरवायचं असतं. बोलून झाल्यावर "हे छापू नका हं" म्हणण्याला बांधिलकी नसते.

७. प्रत्यक्ष बोलताना

ठरलेले प्रश्न येतात. मत्सर वाटत नाही का? रात्री कोण कुठे झोपतं? उद्या पश्चात्ताप झाला तर? दुसऱ्या प्रश्नाला "हे मी सांगणार नाही" एवढं पुरे. हसून टाळू नका. हसलात की 'लाजत सांगितलं' असं छापून येतं.

"हे तुमच्यावर नवऱ्याने लादलं का?" हा प्रश्न मात्र योग्य आहे. त्यावर चिडू नका. 'खुलं नातं' म्हणत बायकोला गप्प बसवणारे पुरुष आहेत, आणि त्या बायका आमच्या ग्रुपमध्ये येऊन रडल्या आहेत. तुमच्या बाबतीत कोणी सुचवलं, कोणाला वेळ लागला, नाही म्हणायची सोय होती का, हे खरं सांगा. गोड गोड चित्र रंगवलंत तर वाचकाला ते जाहिरात वाटेल, आणि ज्या बाईला आज मदत हवी आहे तिला वाटेल की चूक तिचीच आहे.

रोजचं सांगा. तिघांचं मिळून गूगल कॅलेंडर कसं चालतं, गणपतीत कोण कोणाकडे, सासऱ्यांना डायलिसिसला कोणी न्यायचं, भाडेकरारावर कोणाचं नाव, दवाखान्यात 'पेशंटचे कोण?' असं विचारल्यावर काय लिहायचं. अशा तपशिलांना साच्यात बसवणं डेस्कला जड जातं.

सगळ्या पॉली लोकांच्या वतीने बोलू नका. "आमच्या घरी असं आहे" म्हणा.

८. फोटो आणि मथळा

पांघरुणाखालून बाहेर आलेले पायांचे तीन जोड. हा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. इंटरनेटवरच्या विकतच्या फोटोंमधून तो जगभर वापरला जातो. माझ्या एका मुलाखतीत मी घराच्या कर्जाबद्दल आणि आजारी सासूबाईंबद्दल बोलले होते, वर फोटो हाच. म्हणून फोटो तुम्हीच सुचवा: स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चहाचे तीन कप, दाराशी काढलेल्या चपला, हातांचा जवळून घेतलेला फोटो. आयता, चांगला फोटो मिळाला तर डेस्क तो वापरतो. स्वतः काढलेला पाठवताना फाइलमधली ठिकाणाची माहिती पुसा.

मथळा बातमीदार देत नाही, हे लक्षात ठेवा. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. "मथळा खटकतोय, डेस्कशी बोलाल का?" असं विचारा. वेबवरचा मथळा तासाभरात बदलता येतो. छापलेला नाही.

९. प्रसिद्ध झाल्यावर

पहिल्यांदा पुरावा ठेवा: पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, लिंक, तारीख-वेळ, छापील अंक. नंतर मजकूर बदलला तरी तुमच्याकडे मूळ राहतो.

चूक तथ्याची असेल किंवा मान्य केलेली अट मोडली असेल, तर संपादकाला ईमेल करा. चुकीचं वाक्य, बरोबर वाक्य आणि 'मान्य' असा आलेला मेसेज, एवढंच त्यात असू द्या. रागाचा मजकूर नको. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

नाही मिटलं तर वर्तमानपत्राविरुद्ध भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे जाता येतं. त्याआधी संपादकाला लिहिलेलं असावं लागतं. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करायची. परिषद दंड करू शकत नाही, समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते. टीव्हीची मुदत फार कमी आहे: कार्यक्रम पहिल्यांदा दाखवल्यापासून सात दिवसांत आधी वाहिनीकडेच तक्रार करायची, त्यानंतर वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन प्राधिकरणाकडे, आणि तीही वाहिनी त्यांची सदस्य असेल तरच. वेबसाइटच्या तळाशी बहुधा तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो. खासगी फोटो बाहेर आले असतील तर या कशाचीही वाट पाहू नका, थेट राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.

पहिले दोन दिवस प्रतिक्रिया वाचू नका. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला वाचायला सांगा. धमकी असेल, पत्ता किंवा फोन नंबर कोणी टाकला असेल, तर तेवढंच ती तुम्हाला कळवेल. आणि बातमी चांगली झाली असेल तर त्या बातमीदाराला तसं लिहून कळवा, त्याच्या संपादकालाही. पुढच्या वेळी हा विषय कोणाकडे द्यायचा हे त्यांना त्यावरून कळतं.